झोपेत बायको पुढं गेली

आता हसायचं तर पोट धरून हसा, पण च्या सांडू नका. ह्यो किस्सा मी सहसा कुणाला सांगत न्हाई, कारण कुठनंबी सांगाय लागलो तरी येडा मीच ठरतो.

पलूसात माझं पाइपा आन नळाच्या सामानाचं दुकान हाय. घरात मी, बायको सुनंदा आन दोन म्हशी. पोरगी अश्विनी पुण्यात नोकरीला. उन्हाळ्यात ती आली ती आमा दोघांना दोन घड्याळं घिऊन. साधी न्हाईत बरं का! मनगटाला बांधून झोपायचं, आन सकाळी मोबाइलवर तुमच्या झोपंला शंभरापैकी मार्क येत्यात. गाढ किती झोपला, किती डाव जागं झाला, समदा हिशेब.

पोरीनं सोनेरी कडंचं घड्याळ आईच्या मोबाइलला जोडून दिलं, आन काळं माझ्या. आता तुमीच सांगा, घरचा कर्ता माणूस मी, आन सोनेरी आईला? पोरगी एस्टीत बसली आन सांच्याला मी सुनंदाला म्हटलं, "तुला काळं लय शोभतंय गं."

तिनं एकडाव माझ्याकडं बघितलं आन मुकाट्यानं घड्याळ बदलून दिलं. तिथंच खरं तर मी खड्ड्यात पाय टाकला. पण कळतंय कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून मी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. माझ्या मोबाइलवर पंचेचाळीस. सुनंदाच्या मोबाइलवर अठ्ठ्याऐंशी!

म्हटलं, पहिला दिवस हाय. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. तिला नव्वद! आवं, शाळंत पोरीचे मार्क बघून जेवढं पोटात दुखलं न्हाई तेवढं हितं दुखाय लागलं. एकाच खाटंवर झोपतो, एकच गोधडी पांघरतो, आन ही पहिल्या नंबरात, मी नापास?

त्याआधी मला झोपंचा काय तरास हाय असं वाटलंबी नव्हतं. पण मार्क बघितले की आंग मोडून यायचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी जांभई द्यायचो, मग पाइप. "काय सांगू गड्या, रातभर डोळ्याला डोळा न्हाई," म्हणायचो. पुरावाच व्हता की हातात! मोबाइलवर लाल रेघा दावायचो. "ही बघ, हितं जागा झालतो. हितं परत. पहाटं पाचपासनं तर टक्क जागाच!"

गिऱ्हाईक हळहळायचं. मलाबी माझी दया यायची.

मग उपाय सुरू झाले. दुपारनंतरचा च्या सोडला. जायफळ घालून दूध. सुनंदा रोज रात्री माझ्या तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळायची. उशी बदलली. शेजारच्या बापूंच्या कोंबड्यावरनं बापूंशी भांडलो. मार्क काय हालंनात. आन तिचे? एक्याण्णव!

एक दिवस दुपारी घरी जेवायला आलो, तर ही लसूण सोलता सोलता बसल्या जागी पेंगतीय. माझं डोस्कंच फिरलं.

"एक्याण्णव मार्क घिऊन आणि वर डुलकी? शरम हाय का न्हाई?"

"आवं, मला कुठं रातची झोप लागतीय?" ती डोळं चोळत म्हणाली.

"म्हंजे? मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"मला काय म्हाईत मशीन काय बोलतंय. माझं डोळं काय बोलत्यात त्ये सांगतीय."

"गप बस! पुण्यास्नं आणलंय ते."

ती परत लसूण सोलाय लागली. आन मी रागानं एक भाकरी जादा खाल्ली.

शेवटाला सांगलीला एक डॉक्टर झोपंच्या तक्रारी बघत्यात असं कळलं. सुनंदाला म्हटलं, तूबी चल, माझा भरवसा न्हाई, वाटंत गाडीवर डुलकी लागायची. गेलो. डॉक्टर तरणाच व्हता. त्यानं माझा मोबाइल घेतला आन लय येळ बघत बसला. मी सुनंदाकडं बघितलं, म्हंजे बघ, केस किती अवघड हाय.

"काका, पहाटे पाचला उठून तुम्ही इतकं चालता कुठं?"

"मी? मी सातच्या आत उठत न्हाई, सायेब."

"मग ही पावलं कुणाची? घरात, बाहेर, परत घरात. रोज."

मी म्हटलं, झोपंत चालत असंन! एवढ्यात शेजारनं सुनंदा हळूच म्हणाली, "पाचला नळाला पाणी येतंय डॉक्टर. मग शेणघाण, म्हशींच्या धारा... ते मी करती."

डॉक्टरनं आमच्या दोघांच्या मनगटाकडं बघितलं. मग माझ्या मोबाइलवर एक बटण दाबलं. "हे दाबलं की या मोबाइलचं घड्याळ वाजतं," म्हणाला.

घर्र घर्र आवाज आला. माझ्या मनगटावरचं सोनेरी मुकंच. वाजत व्हतं सुनंदाचं काळं घड्याळ!

तोंडात मारल्यावानी झालं. ते पंचेचाळीस, ते बेचाळीस, त्या लाल रेघा, समदं तिचं. आन एक्याण्णव मार्काचा हुशार इद्यार्थी मी! जिला झोप न्हाई तिच्याकडनं मी दोन महिनं तळपाय चोळून घेत व्हतो.

"काका, तुम्हाला दिवसा थकवा वाटायचा का?"

"मार्क बघितल्यावर वाटायचा," मी म्हटलं.

डॉक्टर ओठ चावत सुनंदाकडं वळला. "काकू, तुमची झोप इतक्या वेळा मोडते कशानं?"

सुनंदानं पदर तोंडाला लावला. तेवीस वर्साच्या संसारात माझ्याविरुद्ध एक शबुद परक्यापुढं काढला नव्हता तिनं. त्या दिशी काढला.

"ह्यांच्या घोरण्यानं! बापूंचा कोंबडाबी ह्यांच्यामुळंच अवेळी आरवतोय, डॉक्टर."

मग तपासणी काकूंची न्हाई, माझी झाली. "मार्क चांगले आले म्हणजे घोरणं चांगलं असं नाही," डॉक्टर म्हणाला. वजन कमी करा, कुशीवर झोपा, घोरण्याची एक चाचणी करून घ्या. आन काकूंना थोडे दिवस निवांत झोपू द्या.

बाहेर आल्यावर मी सोनेरी घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काळं लय शोभतंय की मला." पण घेतलं, आन काळं माझ्या मनगटाला बांधलं.

पोरीला कळल्यावर तिनं फोनवर माझी अशी बिनपाण्यानं केली की विचारू नका. नागपंचमी आलीच व्हती. तिनं आईला सरळ आठ दिस माहेरी, शिराळ्याला धाडून दिलं. जाताना सुनंदा मला म्हणाली, "धारा काढा येळंवर. आन नळ पाचला येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या ग्रुपवर तिनं तिच्या मार्कांचा फोटू टाकला. शहाण्णव! मेव्हण्यानं फुलं टाकली, पोरीनं बदाम टाकले, सासूबाईंनी कुणाकडनं तरी हात जोडलेला फोटू टाकून घेतला. मीबी अंगठा दावला. लाजंकाजंस्तव दावावाच लागतोय.

पण खरं सांगू? अंगठा वर व्हता आन आत नुसता धूर निघत व्हता. माझ्यासंगं बेचाळीस, आन माझ्याबिगर शहाण्णव? त्या रात्री मी कुशीवर झोपलो, दुसऱ्या कुशीवर झोपलो, उठून पाणी प्यालो. घोरायला आधी झोप लागाय पायजे की!

सकाळी मोबाइल बघितला. एकोणचाळीस.

आन ह्या डावाला घड्याळबी माझंच व्हतं.