मण्यारणीचा निरोप

माझं माहेर शेवगावात आणि सासर तिथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आमच्या खेड्यात टपाल यायचं, पण मला वाचता येत नव्हतं आणि घरातल्या पुरुषांकडून पत्र वाचून घ्यायची लाज वाटायची. माहेरची खबर आणायची ती मण्यारीण. शेवगावची मुसलमान बाई, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची. माझा हात दाबून बांगडी चढवताना हळूच सांगायची, "आई बरी हाय. भावाला पोरगा झाला."

बेचाळीसच्या पावसाळ्यात आमच्या भागात कुणीतरी तारा तोडल्या. पोलीस माझ्या धाकट्या दिराच्या मागे लागले. तो आमच्याच मळ्यात कडब्याच्या गंजीआड लपला. चार दिवसांनी पोलीस गावात न शिरता थेट मळ्यात गेले आणि त्याला धरून घेऊन गेले. आदल्याच दिवशी मण्यारीण आमच्या ओसरीवर बसून गेली होती.

"हिनंच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "टोपलीत बांगड्या कमी न् बातम्या जास्त."

पुढच्या खेपेला सासूबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. गावातल्या बायकाही ती दिसली की गप्प होऊ लागल्या. कुणी तिच्याकडून बांगड्या भरल्या, तर बाकीच्या त्या बाईकडेही संशयानं बघायच्या. मीही तिच्या प्रत्येक जुन्या प्रश्नाचा अर्थ लावू लागले. तिनं एकदा विचारलं होतं, "धाकलं दीर दिसत न्हाईत?" ते का विचारलं असेल?

दिवाळीनंतर ती परत आली. मी अंगणात शेणी थापत होते. ती रस्त्यावरच थांबली.

"पोरी, तुझी आई लई आजारी हाय. भेटून जा म्हनली."

सासूबाई आतून धावत आल्या. "खोटं बोलती. घरातली मानसं हलवून मागं झडती घ्यायला पोलिसांनी हिला धाडलंय."

मला दोघींचंही खरं वाटत होतं. मी हात न धुताच उभी राहिले आणि विचारलं, "आईनं खूण काय सांगितली?"

मण्यारणीनं उतरवायला घेतलेली टोपली पुन्हा डोक्यावर नीट बसवली. तिला ते लागलं असावं. मग म्हणाली, "तुझ्या लग्नाआधी नथ आडात पडली हुती. तुमी दोघी मायलेकींनीच काढली न् बापाला सांगितलं न्हाई."

ती गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते. त्याच दुपारी नवऱ्यानं गाडी जुंपली. आई खरोखरच तापानं फणफणली होती. महिनाभर मी तिच्या उशाशी होते. ती वाचली.

मी परत आले त्यानंतर काही दिवसांनी दीर सुटून आला. जेवताना सासूबाईंनी मण्यारणीला शिव्या घातल्या, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "कुनी सांगितलं न्हाई, आई. हवालदार मलाच हसत म्हनला, निंदनी झाली, रानात काम न्हाई, तरी तुमच्या मळ्यात दोन टाइम भाकरीचं गठुडं कुनासाठी जातंय? त्यावरनं त्यांनी वळखलं."

गठुडं सासूबाई स्वतः बांधून देत. त्या ताटावरून उठल्या नाहीत, पण पुढचा घासही घेतला नाही.

बाजारच्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन मण्यारणीला घरी आणलं, पाट दिला, दोन्ही हात पुढे केले. मण्यारणीनं हिरव्या बांगड्या भरल्या, एकही फुटू दिली नाही. मी चहा ठेवला आणि विचारलं, "मावशी, माझ्या माहेरची काय खबर?"

"मला काय ठावं पोरी," ती टोपली झाकत म्हणाली. "मी बांगड्या इकती."

त्यानंतर ती बरीच वर्षं येत राहिली. चहा घ्यायची, कधी पोरांना मणी द्यायची. पण निरोप तिनं पुन्हा आणला नाही. माझ्या आईची खुशाली मग कार्डावर येऊ लागली. ते कार्ड शाळेचे मास्तर ओसरीवर मोठ्यानं वाचायचे आणि अर्धं गाव ऐकायचं.