कमलामावशींची झोप आणि प्रमोदची रजिस्ट्री

"मॅडम, रजिस्ट्रीच्या आधी आईचे किती सेशन होतीन?"

प्रमोदने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. त्याची आई, कमलामावशी, मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसली होती. पिपरी मेघेच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा, भाजी मावशी स्वतःच बाजारात विकायच्या. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पाडून लेआउट झाले, प्रमोदला मळाही तसाच विकायचा होता. जमीन मात्र मावशींच्या नावावर, आणि विषय निघाला की मावशी ओरडायच्या.

"ते माइंडफुलनेस करून द्या. शांत झाली का सही करते."

मी वर्ध्यात सायकॉलॉजिस्ट आहे. आई इस्त्री करून मागणारा हा पहिलाच. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं.

"मी बाहेर? पेशंट मी आणला ना?"

"आणला तुम्ही. पण पेशंट त्या आहेत. आतलं बोलणं मी तुम्हाला सांगणार नाही."

तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "मले झोप येत नाई. हा रोज जेवताना तेच काढते. मी ओरडतो, मंग रडतो, अन् दुसऱ्या दिवशी वाटते, देऊन टाका एकदाचं. पण मले मळा विकाचा नाई."

मी सांगितलं, माइंडफुलनेस म्हणजे आत्ता मनात जे चाललंय त्याच्याशी न भांडता त्याकडे लक्ष देणं. बऱ्याच जणांची झोप त्याने सुधारते. सगळ्यांची नाही, कुणाचा त्रास वाढतोही, मग आपण थांबायचं. सहीचं औषध मात्र ते नाही. हे समजून पेशंटने हो म्हणणं, याला आम्ही कन्सेंट म्हणतो.

"झोपीसाठी हो," मावशी म्हणाल्या. "सहीसाठी नाई."

एवढा स्वच्छ कन्सेंट मला क्वचितच मिळतो.

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. लगेच एक डोळा उघडला.

"सांबाराले पाणी सोडाचं राह्यलं."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी म्हटलं, "विचार येणारच. बाजारात गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, पुढे जातं. तुम्ही दुकान सोडून त्याच्यामागे पळता का?"

"पागल हाव का मी?"

"मग विचारामागेही जायचं नाही. श्वासाकडे परत यायचं."

हे त्यांना पटलं. रोज सकाळी त्या मळ्यात बसू लागल्या. हळूहळू झोप लागायला लागली.

मग एक दिवस प्रमोद एकटाच आला, चिडलेला.

"आईले काय शिकवलं तुम्ही?"

"का, अजून ओरडतात?"

"ओरडत नाई न. पहिले ओरडे, मंग रडे, मंग जराशी ऐके. आता रजिस्ट्री म्हटलं का लंबा श्वास घेते. 'आलं गिऱ्हाईक' म्हणते, अन् भाकर वाढते."

"आणि सही?"

"'विकाचा नाई' म्हणते. एकदम गोड आवाजात. त्याच्यावर माणसानं काय बोलाव?"

मला फार आनंद झाला. तो चेहऱ्यावर येऊ न देणं हा आमच्या ट्रेनिंगचा भाग. त्या दिवशी ट्रेनिंग कमी पडलं.

"आता मलेच झोप येत नाई," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"तुमच्यासाठी करायचं असेल तर बसा."

तो बसला. डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "रजिस्ट्रीचा विचार आला तं?"

"भाव विचारू द्या. जाईल पुढे."

मळा अजून मावशींकडेच आहे. पेशंटकडून भेटवस्तू घेऊ नये असा आमचा नियम. त्यात सांबाराची जुडी येत नाही, असं मी ठरवून टाकलंय. आणि कुणी कुणाला धरून आणलं, की आता मी आधी एवढंच विचारते, झोप नक्की कुणाची उडाली आहे?