तालुक्याएवढं युद्ध

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील कळंबच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचे. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, डब्यांच्या तळाशी पत्रकं, चूल पेटवायला पत्रकं. ती सगळ्याच पक्षांची असल्यामुळे घरात लोकशाही होती. 'बंधूंनो आणि भगिनींनो, आता गप्प बसून चालणार नाही' हे मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य, आणि ते मी मनावर घेतलं. बी.ए. होईपर्यंत मी स्वतःच पत्रकं लिहू लागले होते. जयंतीची, रोजगार हमीच्या मजुरीची, आणि एक तर साऱ्या जगातल्या शस्त्रास्त्रांविरुद्ध. ते मी कळंबच्या बाजारात वाटलं. शेळी विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याने कागद उलटसुलट करून विचारलं, बाँब टाकायला इतक्या लांब येणारे लोक येताना पाणी बी आणतेत का.

अशा मला, ऐन दुष्काळाच्या उन्हाळ्यात, मावसबहिणीचा निरोप आला. लवकर ये, एक युद्ध निवडायचंय.

तिला मी अक्का म्हणते. एका सहकारी साखर कारखान्यात ती काँप्युटर ऑपरेटर होती. आमच्या वस्तीत शिपाई झाले होते, मास्तर झाले होते, एक जण तलाठीसुद्धा झाला होता. पण गार हवेच्या खोलीत बसून पगार घेणारी ती पहिली. त्या खोलीचा थाट देवळासारखा. आत धूळ जायला नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, आत हळू बोलायचं, मशिनवर कापड पांघरलेलं. आयुष्यात कुठल्या देवळात न गेलेली मी तिथं मात्र निमूटपणे चपला काढायचे. बाहेर माणसं होरपळत होती आणि आत दात वाजत होते.

अडचण अशी होती. पाऊस हुकला म्हणून ऊस नव्हता, ऊस नव्हता म्हणून गाळप नव्हतं, आणि गाळप नव्हतं म्हणून मशिनला खायला आकडे नव्हते. ते नुसतं गार हवा खात बसलेलं. संचालक मंडळाच्या बैठकीत चेअरमनसाहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या बैठकीत हे यंत्र काय करतं ते आमच्या डोळ्यांपुढं करून दाखवा, नाहीतर खोलीला कुलूप. अक्काची नेमणूक तात्पुरती होती. खोलीला कुलूप म्हणजे नेमणुकीलाही कुलूप. तिने आधी एकदा सभासदांची यादी छापून दाखवली होती, तेव्हा एका संचालकाने कागद दिव्याकडे धरून शेरा मारला होता की यापेक्षा आपल्या क्लार्कचं अक्षर सुंदर आहे.

मशिनच्या देखभालीला पुण्याहून एक इंजिनिअर येत असे. त्याने सल्ला दिला की यांना यादी दाखवू नका, युद्ध दाखवा. त्याच्या पेटीत खेळांच्या तीन फ्लॉपी होत्या. तिन्ही ठेवून तो गेला, सोबत इंग्रजी माहितीच्या झेरॉक्सचा गठ्ठा. मला बोलावलं ते तो गठ्ठा वाचायला. आणि अक्काच्या शब्दांत, भांडायला कुणीतरी समोर लागतं म्हणून.

मी तिथंच, मशिनपुढं उभी राहून, युद्धखोरीवर एक छोटं भाषण केलं. भांडवलदारांच्या पोरांनी बसल्या जागी माणसं मारायची सवय लावून घ्यावी म्हणून हे खेळ काढलेत, आणि आपण ते उस्मानाबाद जिल्ह्यात आणायचे का, वगैरे. अक्का कापडाने बटणं पुसत सगळं ऐकत होती.

"तुझं पत्रक दावून माझी नोकरी राहील का?" ती म्हणाली. "राहत असंल तर तेच दावू."

मी गठ्ठा उघडला.

पहिल्या फ्लॉपीत एकच रणगाडा होता. तो टूं टूं करत पळायचा, समोर येईल त्याला गोळी घालायचा, आणि चहा निवायच्या आत मरायचा. मेला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फ्लॉपीत अख्खं महायुद्ध होतं. त्यात तेल मोजायचं, हवामान बघायचं, कुठल्या तोफेला कुठला गोळा ते ठरवायचं, वायरलेसची लहर जुळवायची. त्या इंजिनिअरने कबूल केलं होतं की तो स्वतः त्या युद्धाच्या दुसऱ्या दिवसापलीकडे कधी गेलेला नाही. दोन दुपारी खपून आम्ही सैन्याला छावणीच्या फाटकाबाहेर काढू शकलो, तेवढ्यात सगळ्यांचं तेल संपलं.

मला मात्र तिसराच हवा होता. कारण सांगते. चेअरमनसाहेबांवर माझं एक पत्रक नुकतंच बाहेर पडलं होतं, 'टँकर कुणाच्या दारात?' पाण्याचे टँकर आधी त्यांच्या गटाच्या गावांना जातात आणि विरोधकांच्या गावांना उरलंसुरलं, असा रोखठोक मजकूर होता. खाली नाव नव्हतं, पण तालुक्यात इतकी उद्गारचिन्हं दुसरं कुणी वापरत नसे. तर या माणसाला सगळ्या संचालकांसमोर छावणीच्या फाटकातच तेल संपून बसलेला बघावं, अशी माझी फार निर्मळ इच्छा होती.

अक्काने ती बरोबर ओळखली. म्हणाली, "पहिला म्हंजी बांधावरची मारामारी. तिसरा म्हंजी दिल्ली. साहेबांचा जीव ना बांधावर हाय, ना दिल्लीत. तालुक्यात हाय. तालुक्याएवढं युद्ध बघ."

मधल्या फ्लॉपीतलं युद्ध खरंच तालुक्याएवढं होतं. नकाशावर एक नदी, तिच्यावर एकच पूल, चार-दोन गावं आणि रस्ते. भरलेले चौकोन आपले, पोकळ चौकोन शत्रूचे. एकेक चौकोन म्हणजे हजारो माणसांची एक डिव्हिजन. कुणी कुठली बंदूक उचलली हे मशिन बघून घेई; आपण फक्त सांगायचं, ही डिव्हिजन इकडं, ती तिकडं. एक डाव म्हणजे एक दिवस. आणि रोज सकाळी रसदेचे ट्रक वाटायचे, ज्यात दाणा, पाणी, दारूगोळा सगळं आलं. ज्या डिव्हिजनला ट्रक गेला नाही, तिचा चौकोन लुकलुकायला लागे. एका दुपारी शिकून होई, पण जिंकायला मात्र डोकं लागे. नवख्याला जड नाही, जाणत्याला पोरखेळ नाही. मी तत्त्वाचा मुद्दा म्हणून थोडी कुरकुर केली आणि ट्रकवाटपाचा भाग वाचल्यावर एकदम थांबले. मला फार गोड हसू येत होतं. अक्काने विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, हाच घेऊ.

बैठकीच्या दिवशी दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. एरवी कधी न येणारे संचालकही गार हवेसाठी आले होते. चेअरमनसाहेब उंच, पांढरेशुभ्र, बोलायला मऊ. मी कोपऱ्यात झेरॉक्सचा गठ्ठा धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अक्काला म्हणाले, हे कागद बी छापीलच दिसतेत. संचालक हसले.

अक्काने खेळ समजावला. हे मधलं गाव म्हणजे आपलं जळकोट समजा. हायवेवर बसलंय, ज्याच्या हातात त्याचा रस्ता. साहेबांना ते लगेच पटलं. खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले की मंडळाचा निर्णय मंडळानेच घ्यावा. मग जे झालं ते जगात कुठल्याही सैन्यात झालं नसेल. प्रत्येक हुकुमाला सूचक आणि अनुमोदक लागू लागले. पूल ओलांडायचा ठराव एका मताने पास झाला, तोवर शत्रूने पूल घेतला होता, कारण चर्चेच्या भरात कुणाचा तरी कोपर बटणावर पडला आणि एक दिवस उलटून गेला.

त्यातच संचालकांनी डिव्हिजनी वाटून घेतल्या. ही माझी, ती तुमची. लोहाऱ्याकडचे संचालक विरोधी गटाचे. त्यांच्या वाट्याला नदीपलीकडची, सगळ्यात लांबची डिव्हिजन आली. मग ट्रकवाटप. साहेबांनी विचारही न करता, वर्षानुवर्षांच्या सरावाने, आधी जवळच्या आपल्या माणसांचं भागवलं. मग नाराज होऊ नये म्हणून काठावरच्यांना थोडं थोडं. नदीपलीकडे काही उरलं नाही. लोहाऱ्याचा चौकोन लुकलुकायला लागला. दुसऱ्या दिवशी पोकळ चौकोनांनी त्याला तिन्ही बाजूंनी घेरलं.

लोहाऱ्याचे संचालक आनंदाने मागे टेकून बसले. ते शेजाऱ्याला म्हणाले, "बघा. आमचं गावाकडं बी हेच हाय. ह्या मशिनला कुणी सांगितलं?"

माझ्या ओठांवर पत्रकातली दोन वाक्यं येऊन थांबली होती. अक्काने माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो उचललाच नाही.

चेअरमनसाहेब पडद्याकडे बघत होते. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "या ताई. तुमचं वाचलंय आमी. ज्याला लई तहान, त्याला आधी, असं लिवलं हुतं ना? घ्या. वाटा."

अक्काचा पाय उठला. मी बसले. तत्त्व माझ्या बाजूला होतं, आणि इतकी माणसं पहिल्यांदाच माझं पत्रक कृतीत बघणार होती. मी सगळे ट्रक, एकूण एक, नदीपलीकडच्या लुकलुकत्या चौकोनाला पाठवले आणि बटण दाबलं.

ट्रक निघाले. पुलापर्यंत गेले. पूल शत्रूने आधीच घेतलेला होता. ट्रक आपसूक पोकळ चौकोनात शिरले आणि दिसेनासे झाले. पुढच्या सकाळी शत्रू ताजातवाना होता आणि आमचे सगळेच्या सगळे चौकोन लुकलुकत होते. दिवाळी असावी तसे.

"बघा," साहेब हळूच म्हणाले. "आमच्या वाटपात एकच गाव उपाशी हुतं."

यावर जे हसणं झालं ते अजून माझ्या कानात आहे. मी नंतर त्यांना ऐकवायला उत्तर तयार केलं. रस्ता कुणी तुटू दिला, हा त्यातला मुद्दा होता, आणि तो आजही बिनतोड आहे. पण उत्तर सुचेपर्यंत गेस्ट हाऊसवर जेवणाची पानं मांडल्याचा निरोप आला होता. ज्यांच्या डिव्हिजनी मरायला टेकल्या होत्या ते संचालक सगळ्यात आधी उठले. दाराबाहेर चपलांची झोंबाझोंबी झाली.

आत उरले साहेब, लोहाऱ्याचे संचालक आणि प्रोसिडिंग लिहिणारे सेक्रेटरी. सेक्रेटरींनी विचारलं, पराभव कसा नोंदवायचा. साहेबांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. निवडणूक हरलेला माणूस पुन्हा उभा राहतो, पण मंडळाच्या इतिवृत्तात पराभव ही गोष्ट त्यांच्या हयातीत घडलेली नव्हती. ते उठून मशिनकडे असे बघू लागले की मला कुलूप स्पष्ट दिसलं. अक्कालाही दिसलं असणार, कारण तिने घसा साफ केला.

"साहेब, हे हाय तसं ठेवता येतं," ती म्हणाली. "फ्लॉपीवर. पुढच्या वेळी इथनंच पुढं."

साहेबांनी मान वळवली. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली आणि चेहऱ्यावर तो जुना मऊपणा परत आला.

"सेक्रेटरी, कोरम हाय का?"

सेक्रेटरींनी खुर्च्या बघितल्या. नव्हता.

"मग पराभव कसा हुईल? कोरमअभावी युद्ध तहकूब."

लोहाऱ्याच्या संचालकांनी लगेच कायदा काढला. तहकूब सभा अर्ध्या तासाने कोरमशिवाय घेता येते, हे सहकारातल्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब म्हणाले, घेता येते की, पण समोरच्या पार्टीला नोटीस लागू झाली पाहिजे. तुमी नदीपलीकडं हायसा, तुमीच बजावून या. लोहाऱ्याचे संचालक हसत उठले आणि जेवायला गेले.

दारात साहेब थांबले. त्यांनी अक्काला विचारलं की हे तहकूब झालेलं, मशिन दुसरीकडे हलवलं तर चालेल का.

मला माहिती होतं. त्या गठ्ठ्याच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की फ्लॉपी कुठल्याही मशिनवर चालते. सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याशिवाय काही नाही, या मथळ्याचं माझं एक पत्रक होतं.

"न्हाय चालणार, साहेब," अक्का शांतपणे म्हणाली. "मशिन इथंच पाहिजे. हवा बी हीच लागती. अन् माणूस बी तेच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद वाचणारी मी होते. मी गठ्ठा छातीशी धरला आणि गंभीरपणे मान हलवली.

त्या महिन्यात खोलीला कुलूप लागलं नाही. पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर 'मागील सभेतील तहकूब विषय' आला आणि कोरम असूनही वेळेअभावी पुन्हा तहकूब झाला. त्याच्या पुढच्यालाही झाला. विषय प्रलंबित असताना खोली बंद करता येत नाही, असं सेक्रेटरींनी नियम बघून सांगितलं. होता होता पाऊस झाला, ऊस लागला, मशिनला आकडे मिळाले, आणि अक्काच्या नेमणुकीवरचा 'तात्पुरती' हा शब्द कुणीतरी खोडला. फ्लॉपी तिने कपाटात जपून ठेवली होती. टँकरवर मी आणखी एक पत्रक काढलं, त्यात रस्त्याचा मुद्दा घातला, उद्गारचिन्हं जरा कमी केली.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा लोहाऱ्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसले होते, तर समोर तेच संचालक. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. ओळख पटल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघून, जणू आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारलं, "ताई, आमची डिव्हिजन हाय का अजून?"

"हाय," मी म्हटलं. "तहकूब हाय."

त्यांनी कोंबडीच्या डोक्यावर हात फिरवला. "मग बरंय," ते म्हणाले. "आमचा टँकर बी तहकूबच हाय."