उजेडाची वही

आमचे हे निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या कचेरीत कारकून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी एक जुना घडीचा कॅमेरा आणला. उघडला की पुढे काळ्या चामड्याचा भाता निघायचा. भिंगाभोवती दोन खुणा बसवायच्या असत : उजेड किती मोठ्या भोकातून आत घ्यायचा तो आकडा, आणि किती वेळ घ्यायचा तो वेग. ह्यांनी अंदाजाने खुणा लावून पहिली फिल्म संपवली. आठ फोटोंपैकी तीन पांढरेफटक आले, चार काळेठिक्कर, आणि एकात माझा अर्धा पाय.

ह्यांनी कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "तू शीक," म्हणाले. "तुझा हात स्थिर आहे."

मी बावीस वर्षांची होते. घरात दोन वर्षांची मुलगी. शिकणार कुणाकडे? बाजारात एक म्हातारे मुसलमान फोटोग्राफर होते, सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. पण कारकुनाच्या बायकोने बाजारात दुकानात जाऊन बसणं तेव्हा शक्य नव्हतं. ह्यांनीच जाऊन त्यांना विचारलं. उस्तादांनी निरोप पाठवला : फिल्म हैदराबादेहून येते आणि हल्ली येतच नाही, तेव्हा बाईंनी आधी बिनफिल्मचं शिकावं. एक वही करावी. रोज चार वेळा उजेड बघावा, कोणता आकडा लावाल ते लिहावं आणि वही माझ्याकडे पाठवावी.

तशी आमची शाळा सुरू झाली. सकाळी हे कचेरीत जाताना वही दुकानात देत, संध्याकाळी घेऊन येत. उस्ताद लाल शाईने उर्दूत शेरे लिहीत. मला उर्दू येत नव्हती, ह्यांचं सगळं कामच उर्दूतलं. दिवेलागणीला ओसरीवर बसून हे शेरे मराठीत सांगत.

पहिल्यांदा आकड्यांनीच गोंधळ घातला. आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. आठ दिवस मी उलटंच लिहीत होते. मग उस्तादांनी सावली बघायला शिकवलं. हात जमिनीवर धरायचा. सावलीची कड सुरीसारखी असेल तर सोळा. कड विरघळलेली असेल तर अकरा. सावलीच पडत नसेल तर आठ, आणि वेगही कमी. हळद शिजवायच्या दिवसांत गावाबाहेर कढया लागल्या की सकाळचा उजेड धुराने मऊ व्हायचा, ते मला कळलं आणि मी अकरा लिहिलं. त्यावर लाल शाईत एकच शब्द आला : बराबर. तो मला ह्यांनी वाचून दाखवायची गरज पडली नाही, तेवढा मी ओळखायला लागले होते.

ओसरीच्या बाबतीत मात्र मी सारखी चुकत होते. मला ओसरीत चांगला उजेड दिसायचा. एक दिवस शेरा आला : तुमचे डोळे सावलीला सरावतात, फिल्म सरावत नाही. हे वाक्य मी ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी अंगणातून ओसरीत गेले आणि डोळे सरावायच्या आधीच, तो पहिला अंधार दिसतो तेवढ्यात, आकडा ठरवला. तेव्हापासून ओसरीतलं चुकणं कमी झालं.

दीड महिन्याने फिल्म मिळाली. पहिला फोटो कुणाचा काढायचा हे मी आधीच ठरवलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुईण राहायची, सगळे तिला मावशी म्हणत. मुलीच्या वेळी मी बाळंतपणात अडले होते तेव्हा ती अख्खा दिवस माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. तिला मी काय देणार? मी फोटो काढते म्हटल्यावर ती कुणीतरी बारशाला दिलेलं नवं पांढरं लुगडं नेसून आली आणि आमच्या दारात उन्हात बसली. सावलीची कड सुरीसारखी होती. मी सोळा लावला.

उस्तादांच्या दुकानातून फोटो धुऊन आला, त्यात लुगड्याची चूण न् चूण दिसत होती. पदराखाली तोंडाच्या जागी काळा डाग.

मावशीने तो उलटासुलटा करून बघितला. "लुगडं लई ग्वाड आलंय बाई," ती म्हणाली. "पर मी कुटं हाय?"

ती हसत होती, मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं. फोटो उस्तादांकडे परत गेला आणि पाठीवर शेरा घेऊन आला : तुम्ही लुगड्याचा फोटो काढला. माणसाजवळ जा, डोळ्यांखालची सावली बघा, आकडा तिच्यासाठी लावा.

मावशीला मी पुन्हा बोलावलं. "आता काहून?" म्हणत ती आली. या वेळी तिला ओसरीत आत बसवलं. भोक होतं तेवढं सगळं उघडलं, वेग पंचवीसवर, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर आणला, कॅमेरा धान्याच्या पायलीवर टेकवला आणि श्वास धरून खटका दाबला.

तो फोटो घेऊन उस्ताद स्वतःच घरी आले. त्यांना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, काठी टेकत आले. मावशीही होती. तिने फोटो हातात धरला आणि डोळ्यांजवळ नेला. कपाळावरचं गोंदण, गालाच्या सुरकुत्या, सगळं आलं होतं.

"माही माय अशीच दिसायची," ती म्हणाली. "म्या तिला इसरून गेलते बगा."

उस्तादांनी चहा घेतला. मग मला म्हणाले, "बेटी, मी इतकं रागावून लिहायचो, तरी तुमी वही बंद केली न्हाई. कमाल आहे."

"रागावून?" मी विचारलं.

त्यांनी वही मागितली, डोळ्याशी धरली आणि एक पान मराठीत करून वाचलं : "हे लिहिताना डोळे मिटले होते काय? पुन्हा असं लिहिलं तर वही पाठवू नका."

त्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं होतं, "इथं जरा आणखी बघा, असं लिहिलंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उगीच उस्तादांची कपबशी उचलून आत निघाले होते. "जसंच्या तसं सांगितलं असतं," दारातूनच म्हणाले, "तर वही चुलीत गेली असती."

उस्ताद इतके हसले की त्यांना खोकला आला.

जाताना त्यांनी काम सांगितलं. कितीतरी घरांतल्या बायका परक्या पुरुषासमोर फोटोला बसत नसत. ती बोलावणी ते आजवर परत पाठवत होते. "आता तुमी जा," म्हणाले.

पहिलं बोलावणं कळमनुरीचं आलं. एका शेतकऱ्याच्या घरी सात बायका, सासवा-सुना-नणंदा मिळून. आम्ही तिघं बैलगाडीने गेलो, मुलगी मावशीजवळ ठेवली होती. उस्ताद आणि हे बाहेर ओट्यावर घरच्या पुरुषांशी पीकपाण्याचं बोलत बसले. मी आत माजघराच्या दारातला उजेड बघितला आणि सगळ्यांत सावळ्या सुनेला दाराजवळ बसवलं, गोऱ्या नणंदेला आत. सातही तोंडं आली.

पुढे वर्षानुवर्षं मी अशी घरं हिंडले. त्या बायकांतल्या पुष्कळींचा आयुष्यात तेवढा एकच फोटो निघाला. ते मला करता आलं ते दोन माणसांमुळे. एकाने माझी एकही चूक सोडली नाही, आणि दुसऱ्याने ती प्रत्येक चूक मला सोसवेल अशा शब्दांत सांगितली. उस्ताद असतानाच मी हे त्यांना बोलून दाखवलं. ह्यांना मात्र कधी म्हटलं नाही. त्या काळी नवऱ्याला असं काही म्हणायची रीत नव्हती. म्हणून इथे लिहून ठेवते.