पेंढ्यातलं गंठण

छाया ठोंबरे आमच्या गावातल्या एका फार्महाऊसवर झाडलोट करते, बागेला पाणी घालते. बंगल्याचे मालक अनुपमशेठ यांनी एकदा हौसेनं धातू शोधायचं मशीन आणलं. लांब दांडा आणि खाली ताटाएवढी गोल चकती. थोड्याच दिवसांत शेठची हौस फिटली आणि मशीन छायाकडे आलं. ती ते घेऊन रोज संध्याकाळी बागेत फिरायची, स्वतःच चमचे पुरून स्वतःच शोधायची. हळूहळू कुणाची गवतात पडलेली चावी, कुणाचं नदीच्या वाळूत गेलेलं पैंजण काढून द्यायला लोक तिला नेरळपासून बोलवायला लागले. गुप्तधन शोधायला चल म्हणणाऱ्याला मात्र ती ओटीसुद्धा चढू देत नाही.

गेल्या भातझोडणीच्या वेळची गोष्ट. गावातल्या भागूबाईच्या गळ्यातलं सोन्याचं गंठण गेलं. सकाळपासून ती खळ्यावर भात झोडत होती, दुपारी गळा चाचपला तर मोकळा. छायाला निरोप गेला.

ती आली, कानाला हेडफोन लावला आणि पेंढ्यावरून चकती फिरवायला लागली. मशीन लगेच ओरडलं. लोकांनी तिथला पेंढा उपसला, काहीच नाही. चार पावलांवर पुन्हा ओरडलं, तिथंही काही नाही. उन्हात सगळं खळं विस्कटलं, तरी हाताला काही लागेना.

भागूबाईचा भाऊ सखा वैतागला. "गंठण इथं नायच. आक्का, आंघोळीला काढून ठेवलं असशील. घरात कोण होतं?"

घरात एकटी सून, नम्रता होती. ती पाण्याची कळशी घेऊन आली होती, तिथंच थिजली. भागूबाई काही बोलली नाही, आणि तेच वाईट झालं.

आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून छायानं मशीनमधून हेडफोनची वायर काढली. पहिल्या जागी परत गेली, चकती फिरवली. आता आवाज नाही. ती बाजूला मोकळ्या बांधावर गेली, चकती वर हवेत धरली आणि वाळल्या पेंढ्याची मूठ तिच्या प्लास्टिकवर खसाखसा घासली. मशीन टकटक ओरडलं.

"सखादादा, हवेत सोनं हाय का?" ती म्हणाली. "थंडीत नायलॉनची साडी अंगाला चिकटते, चटचट करते ना, तशी वीज हाय ही. पेंढा कोरडा ठाक हाय, घासला का मशीन फसतंय. चूक माझी, मला आदी कळलं नाय. पन म्हनून पोरीवर आळ घालू नका. उद्या दव पडल्यावर येते. तवर खळ्यावर कोनी पाय ठेवू नका."

सखा पुटपुटत गेला. छाया मात्र घरी न जाता आधी नम्रताजवळ गेली, तिच्या हातातली कळशी उतरवून घेतली आणि थोडा वेळ तिच्याशेजारी बसून राहिली.

सकाळी पेंढा दवानं ओला झाला होता. छायानं चकतीचं प्लास्टिक ओल्या फडक्यानं पुसलं आणि एका कडेनं सुरुवात केली. चकती ओल्या पेंढ्यावरून सरकत होती, मशीन गप्प. अर्धं खळं झालं. सखा जांभया देत होता. मग बांधाच्या कडेला आवाज आला. तिनं चकती मागं नेली, पुढं आणली, आडवी फिरवली. त्याच जागी, तोच आवाज. तिनं गुडघे टेकले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीच्या भेगेतून तुटलेलं गंठण ओढून काढलं.

भागूबाई तिच्या पाया पडायला वाकली. छायानं तिला वरच्यावर धरलं. "माझ्या नको, काकी. पयलं सुनेशी बोला."

भागूबाई उभी राहिली, नम्रताकडे गेली. "मी बोलायला पायजे होतं गं काल," एवढंच तिला म्हणता आलं. नम्रता रडली, मग दोघी चुलीकडे चहा ठेवायला गेल्या.

छाया थांबली नाही. बंगल्यावरची झाडं पाण्याची वाट बघतायत, म्हणाली. मशीन खांद्यावर टाकून ती बांधाबांधानं निघाली, आणि सखा तिची पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत पोचवायला गेला.