तक्रारीचा सत्कार

"बोर्ड लावलाय, पण पाळणारं हाय का कोण?" हॉलमध्ये शिरताना माधवी म्हणाली होती.

बोर्ड गोदामवाल्यांच्या परिषदेचा होता, काल्हेरच्या हॉलच्या दाराशी टेकवलेला. महिलांवर शेरेबाजी, अंगचटीला जाणं चालणार नाही; तसं करणाऱ्याला परिषदेतून बाहेर काढलं जाईल. वडपे गावातल्या गोदामात माधवी सुपरवायझर आहे. गाडीचं सील शाबूत दिसलं तरी हाताने ओढून पाहिल्याशिवाय ती दार उघडू देत नाही. शब्दांवरही तिचा तेवढाच विश्वास.

त्याच दिवशी परिषदेत चहाच्या वेळी भूपेशने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. त्याच्या गाड्या तिच्याच गोदामात लागतात. "मॅडमना गाड्या तपासायची लय सवय," तो चारचौघांत म्हणाला. "एकदा माणूस पण तपासा." सगळे हसले. कोण कोण हसलं, ते माधवीने बघून ठेवलं.

मदतीच्या टेबलावर सुकन्या नावाची मुलगी होती. तिने माधवीची तक्रार ऐकून घेतली, पाणी दिलं, तक्रार समितीला बोलावलं. समिती म्हणजे सावळाराम काका, भूपेशचे सख्खे मामा. हे सगळ्या काल्हेरला माहीत होतं. तरी माधवीने एकच मागितलं: त्याला आज सगळ्यांदेखत इथून बाहेर काढा. नाहीतर उद्या गोदामात तो पुन्हा हात टाकेल, आणि मग माझं कोण ऐकणार?

"पोरी, तुझं समाधान झाल्याशिवाय कोण जेवणार न्हाय," काका म्हणाले. ते इतक्या लवकर कबूल कसे झाले, याचाच तिला संशय आला.

जेवणाआधी माईकवर तिचं नाव पुकारलं. कर्तबगार महिला म्हणून सत्कार. आमच्याकडे भांडण मिटवायची ही जुनी रीत आहे: ज्याने दुखावलं त्याच्याच हातून शाल-नारळ द्यायचा. एकदा फोटो निघाला की तक्रारीला तोंड उरत नाही.

मंचावर भूपेश शाल उलगडून उभा होता, शिकवल्यासारखी मान खाली घालून. सुकन्याही टाळ्या वाजवत होती. तिला हे आधीपासून ठाऊक होतं का, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"ये बाय, भाऊ समज त्याला," काका माईकवरूनच म्हणाले. "ताटं वाढलीत."

माधवी पायरीपर्यंत गेली. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला. तिने भूपेशकडे पाहिलं, मग काकांकडे. गळ्यातलं परिषदेचं ओळखपत्र काढून तिने पायरीवर ठेवलं आणि टाळ्या चालू असतानाच ती हॉलबाहेर निघून गेली.