सेनापती कुरामोची यांचे थोर चरित्र

चहा ओता आधी, कारण मी आता स्वतःचीच अब्रू काढणार आहे आणि ते रिकाम्या कपानं ऐकण्यासारखं नाही.

एकदा मी न्यू जर्सीत, भरल्या हॉलमध्ये, एका जपानी सेनापतीचं चरित्र सांगितलं होतं. चांगली पंचवीस मिनिटं, कागदाकडे न बघता. आणि गंमत ऐका, त्या भाषणातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती. तीच तर सगळी पंचाईत!

नव्वदीच्या मधली वर्षं. मी नागपूरहून तिथल्या पिस्कॅटवे गावी पीएच.डी. करायला आलेलो. विषय काँक्रीट. आता काँक्रीटवर चार वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही विषयाची किती भूक लागते, हे तुम्हाला नाही कळायचं. कुणी पोस्टाच्या तिकिटांबद्दल बोललं तरी मी खुर्ची ओढून बसायचो.

आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात लाँड्री रूम होती. तिथे दर शनिवारी सकाळी एक जपानी आजोबा भेटायचे. कुरामोची-सान. वय ऐंशीच्या पुढे, मुलीकडे राहायला आलेले. मुलगी एमिको नर्स होती, शनिवारी ड्यूटीवर. आजोबांचं इंग्रजी मोजून शंभरेक शब्दांचं, आणि माझं इंग्रजी त्यांना कळायचं नाही. त्यामुळे आमची मैत्री झकास जमली.

एक दिवस त्यांनी चहाला घरी बोलावलं. कोपऱ्यात छोटंसं देवघर. बुद्धाची मूर्ती, उदबत्ती, आणि शेजारी एक जुना, पिवळा पडलेला फोटो. फोटोत लष्करी गणवेशातला एक ताठ माणूस, हातात लगाम, बाजूला घोडा. आणि फोटोपुढे नैवेद्य म्हणून एक गाजर!

"हे कोण?" मी विचारलं.

आजोबांनी अख्खा तळहात फोटोकडे केला, मान झुकवली आणि म्हणाले, "ताइशो."

"तुमचे वडील?"

"हो, हो. वडील. ताइशो."

झालं! मी सोमवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. जपानी डिक्शनरी काढली. ताइशो म्हणजे जनरल, सेनापती! अहो, मी ज्या माणसाबरोबर मोजे वाळवत होतो, तो सेनापतीचा मुलगा होता!

मग काय, दर शनिवारी माझी प्रश्नावली सुरू. आजोबाही खुलले. ताइशोचं नाव काढलं की त्यांचे डोळे चमकायचे.

"ताइशो सैन्यात कधी आले?"

"चार वर्षांचा होता."

मी मनातल्या मनात त्याचं चौदा केलं. म्हाताऱ्या माणसाचं इंग्रजी, आपण समजून घ्यायचं.

"लढाई?"

"मांचुरिया. रशियाशी. अख्खा हिवाळा बर्फात. इथे गोळी लागली." त्यांनी स्वतःची मांडी थोपटली. "तरी चालत राहिला. तोफेला कधी घाबरला नाही."

"स्वभाव कसा होता?"

आजोबा विचारात पडले. "शांत. एक शब्द नाही."

मितभाषी! मी वहीत लिहून घेतलं. एकदा म्हणे सम्राटांसमोर संचलन होतं, तेव्हा ताइशो तीन तास जागचा हलला नाही. लढाई संपल्यावर निवृत्त होऊन उत्तरेला खेड्यात गेला. खायला फक्त जव आणि गाजर. आणि झोपायचा कसा? उभ्यानं!

माझ्या अंगावर काटा आला हो! आपल्याकडे रिटायर झालेला साधा हेडक्लार्कसुद्धा आरामखुर्ची सोडत नाही, आणि हा सेनापती उभ्यानं झोपतोय!

"मुलंबाळं?" मी विचारलं.

"पुष्कळ," आजोबा अभिमानानं म्हणाले. "वीस. जास्त पण असतील."

आता इतका नाजूक विषय परक्या घरात पुढे कसा काढणार? मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. तिथे एक प्रश्न जास्त विचारला असता ना, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

लायब्ररीत मी जपान-रशिया युद्धावरची तीन जाडजूड पुस्तकं पालथी घातली. सेनापती कुरामोची कुठेच नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला राग आला. इतिहासानं या माणसावर अन्याय केलाय, असा माझा निष्कर्ष निघाला.

आता गजभिये काका. काका तिथे वीस वर्षं इंजिनिअर होते. महाराष्ट्रातून आलेली आम्ही बौद्ध मंडळी दर महिन्याला जमायचो, त्याची सूत्रं त्यांच्याकडे. माणूस कडक. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात मी प्रोजेक्टर आणला होता आणि त्याची वायर घरी विसरलो होतो, तेव्हापासून ते मला फक्त खुर्च्या मांडायला सांगत. बुद्धजयंतीचं भाषण मी करतो म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बुद्धजयंतीला सेनापती? डोकं ठिकाणावर आहे ना, मेश्राम?"

"काका, ऐका तर. हा माणूस युद्ध सोडून खेड्यात गेला. जव आणि गाजर खाऊन राहिला. कुणाला कधी उलट बोलला नाही. कलिंगानंतरचं परिवर्तन आठवा! आणि काका, इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नावसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य काकांना लागलं. "हं," ते म्हणाले. "इतिहासातून पुष्कळ लोक गाळले गेलेत. कर भाषण. पण नीट अभ्यास करून."

अभ्यास! मी तर त्यात पीएच.डी. व्हायचा बाकी होतो.

आजोबांकडून फोटो मागून आणला आणि कॉपीच्या दुकानात जाऊन दारापेक्षा थोडा लहान, एवढा मोठा करून घेतला. माझा रूममेट नितीन बघून म्हणाला, "यार, घोडा काय मस्त आलाय!"

"तोच प्रॉब्लेम आहे. सगळं लक्ष घोड्याकडे जातं." आणि मी कात्री घेतली.

"अरे, राहू दे ना त्याला!"

"भाषण सेनापतीवर आहे, नितीन. जनावरावर नाही." कचाकच घोडा कापून टाकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शस्त्राकडून शांतीकडे'.

रविवारची दुपार. हॉलमध्ये सत्तर-एक माणसं, मागच्या टेबलावर खिरीची पातेली. पहिल्या रांगेत कुरामोची आजोबा, कोट-टाय घालून. एमिको ड्यूटी संपवून येणार होती. काकांनी माझ्या हातात माइक दिला आणि पुटपुटले, "वायर आहे त्याला, बघून घे."

मी सुरू झालो. भाषण मराठीत, त्यामुळे आजोबांना कळत होता एकच शब्द, ताइशो. तो आला की ते उठून वाकायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला चढतच गेलं हो! बर्फातला हिवाळा सांगितला, मांडीतली गोळी सांगितली. वीस मुलांचा भाग तेवढा गाळला, बुद्धजयंती होती. आणि मग आवाज खाली आणून म्हणालो, "मित्रहो, हा महापुरुष शेवटपर्यंत उभ्यानं झोपला!"

दुसऱ्या रांगेतून एका आठ वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "मॉम, ओन्ली हॉर्सेस डू दॅट!"

"श्श! भाषण चाललंय!" तिची आई.

मी त्या लेकराकडे बघून मोठ्या मनानं हसलो. काय सांगू! अख्ख्या हॉलमध्ये एकाच माणसाला खरं कळलं होतं, आणि त्याला मी क्षमा करत होतो.

"आणि त्यांचे सुपुत्र आज आपल्यात आहेत," मी आजोबांकडे हात केला. "बघा, तेच डोळे! तीच मान!"

टाळ्यांचा कडकडाट. काकांनी डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं.

तेवढ्यात एमिको आली. काकांनी तिला सन्मानानं पुढे आणलं आणि मला म्हणाले, "हिलाही थोडक्यात सांग इंग्लिशमध्ये. म्हणजे ती वडिलांना सांगेल." मी माइकवरच सांगायला लागलो. ती पोस्टरकडे बघत होती.

"ताइशो कुठे आहे?" तिनं विचारलं.

"हे काय," मी पोस्टरवर बोट ठेवलं.

"हे माझे आजोबा, बाबांचे वडील. साधे शिपाई होते. सेनापतींच्या घोड्याची निगा राखणारे, मोतद्दार."

"म्हणजे... मग ताइशो?"

एमिको पोस्टरजवळ गेली. अगदी कडेला, माझ्या कात्रीतून निसटलेला एक टोकदार काळा तुकडा राहिला होता. तिनं तो दाखवला.

"हा त्याचा कान."

माइक चालू होता बरं का! 'हा त्याचा कान' हॉलच्या चारही भिंतींवरून ऐकू आलं.

"शिपायांनी गमतीनं घोड्याचंच नाव सेनापती ठेवलं होतं," एमिको म्हणाली. ओठ दाबून हसू आवरत होती बिचारी. "तुम्ही... उभ्यानं झोपतो, हे ऐकूनही..."

"आय टोल्ड यू, मॉम!" दुसरी रांग.

मग जो हशा उसळला! नितीन तर खुर्चीवरून खालीच बसला. आणि माझ्या डोक्यात एकेक वाक्य उलगडायला लागलं. चार वर्षांचा सैन्यात आला. एक शब्द बोलला नाही. वीस मुलं! आणि अरे देवा, मी एका भल्या माणसाला सत्तर लोकांसमोर घोड्याचा सुपुत्र म्हटलं होतं, मानेसकट!

एमिकोनं वडिलांना हे सगळं जपानीत सांगितलं. मी खाली बघत उभा. आता हा माणूस उठून जाणार, आणि त्यानं जावंच, असं मला वाटत होतं. आजोबा उठले. माझ्यासमोर आले. आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग त्यांनी माइक मागितला. ते जपानीत बोलले, एमिको सांगत गेली.

"खऱ्या सेनापतींना मी लहानपणी एकदा पाहिलंय. निवृत्त झाल्यावर ते आमच्या शेतावर आले होते. लहानखुरे, वाकलेले. हातात गाजरांची पिशवी. घोड्याच्या गळ्यात हात टाकून कितीतरी वेळ उभे राहिले. नंतर माझ्या वडिलांनी मला सांगितलं, तोफ वाजली की सेनापतींचे हात थरथरायचे. ते लगाम मागे ओढायचे. पण घोडा पुढेच जायचा. मागून सगळी पलटण. अशी त्यांना तीन पदकं मिळाली."

आजोबांनी पोस्टरच्या कडेच्या त्या कानाकडे बोट केलं.

"जाताना सेनापतींनी एक पदक काढून माझ्या वडिलांना दिलं. म्हणाले, हे याचं आहे. याला घालता येत नाही, म्हणून तुम्ही ठेवा."

कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. काका माझ्याजवळ आले. म्हटलं, आता जन्मभर खुर्च्या.

"मेश्राम," ते हळूच म्हणाले, "सेनापतींवर बोलणारे पुष्कळ आहेत. मोतद्दाराचा फोटो एवढा मोठा करून कुणी लावला नसेल." आणि मग, "पण पोरा, पुढच्या वेळी एक तरी प्रश्न जास्त विचार रे!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लायब्ररीत गेलो. राहवेना. एमिकोनं दिलेल्या नावावरून खरे सेनापती लगेच सापडले. दीड पान मजकूर. शौर्य, निर्धार, तीन पदकं. मोतद्दार नाही, घोडा नाही. ते दीड पान मी दोनदा वाचलं. प्रत्येक 'ते धैर्यानं पुढे गेले'पाशी मला चार पाय दिसत होते.

आता एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण न्यू जर्सीतली आपली मंडळी! महिनाभरात एका अनोळखी काकूंचा फोन आला.

"तुम्हीच मेश्राम ना? प्राण्यांवर फार मनापासून बोलता म्हणे तुम्ही. आमच्या मराठी शाळेत मुलांसाठी याल का? विषय हत्ती आहे."

कुणीही शहाणा माणूस फोन ठेवून मोकळा झाला असता. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं,

"काकू, हत्ती म्हणजे... हत्तीच ना?"